मैदानाचे तिकीट आणि घरची माणसे
(एक अभ्यास)

बी. ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र

आपल्या मराठवाड्यात खेळ नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगड या गावाने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला. ते 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले. नांदेडला गुरु गोविंदसिंहजी सुवर्ण व रौप्य चषकाच्या हॉकी स्पर्धा भरतात. लोहा, कंधार, मुखेड या भागात तर असे गाव विरळा, की जिथे पोरांनी कबड्डीची रेघ आखली नाही. खेळ आहेत, खेळाडू आहेत, पाहणारेही आहेत. परंतु पाहणारे कोण, असा प्रश्न केला तर उत्तर एकच येते : पुरुष, आणि त्यांतही तरुण. घरातील आई, बहीण, आजी आणि लहान मूल ही माणसे मैदानावर दिसत नाहीत. असे का होते, यात तिकिटाच्या दराचा वाटा किती व इतर गोष्टींचा किती, आणि तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा भरविणाऱ्या एखाद्या क्रीडामंडळाने तिकीट कसे ठेवावे, या प्रश्नांचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय क्रीडेचा असला तरी तो अर्थशास्त्राच्या वर्गात शिकलेल्या चार गोष्टींनी बराच उलगडतो, असा माझा अनुभव आहे.

1. फुकट असूनही कोणी येत नाही

प्रथम एक सर्वांच्या परिचयाची गोष्ट घेऊ. आपल्या तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, पशुप्रदर्शन, तमाशाचे फड, आणि कुस्त्या. यात्रेला बाया-माणसे येत नाहीत असे नाही. त्या बैलगाडीने, एस.टी.ने, टेम्पोने, पोराबाळांसह येतात, देवदर्शन घेतात, बांगड्या भरतात, मुलांना पाळण्यात बसवितात. पण हलगी कडाडू लागली की पुरुष फडाकडे वळतात आणि बायका पालाकडे. आता जत्रा-यात्रांतील कुस्त्यांच्या फडाला सहसा तिकीट नसते. नारळाच्या कुस्तीपासून मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत सगळा खर्च वर्गणीतून व देणगीतून होतो. म्हणजे दर शून्य आहे, प्रेक्षक हाकेच्या अंतरावर आहे, जाण्यायेण्याचा खर्च आधीच झालेला आहे. आणि तरीही ती घरची माणसे फडापर्यंत येत नाहीत.

यावरून निघणारे पहिले अनुमान असे, की तिकीट हे मैदानाचे एकच दार नव्हे. दारे तीन आहेत. पहिले दार पैशाचे. दुसरे दार अंतराचे आणि वेळेचे. तिसरे दार अब्रूचे व सोयीचे, म्हणजे बसायला जागा कोठे, शेजारी कोण, शिवीगाळ किती, लघवीची सोय आहे की नाही, पाणी आहे की नाही. या तिन्हींपैकी एक जरी बंद राहिले तरी उरलेली दोन उघडून उपयोग होत नाही. आपली मंडळे बहुधा पहिल्या दाराचाच विचार करतात, आणि तोही अर्धवट.

2. तिकिटाचा खरा दर

दुकानातील वस्तूची किंमत पाटीवर लिहिलेली असते. सामना पाहण्याची किंमत मात्र तिकिटावर पूर्ण लिहिलेली नसते. त्यात एस.टी.चे भाडे, बाहेरचे खाणे आणि बुडालेली मजुरी ही सारी धरावी लागतात. एकटा तरुण मित्राच्या मोटारसायकलवर तिसरा बसून येतो. त्याला हा वरखर्च जवळजवळ नाही. कुटुंबाचे तसे नसते.

एक उदाहरण मांडू. समजा एखाद्या खेड्यापासून लोह्यापर्यंत एस.टी.चे पूर्ण भाडे 30 रुपये आहे. घरातून पाच माणसे निघाली : नवरा, बायको, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, आणि सात व दहा वर्षांची दोन मुले. सर्वांना पूर्ण भाडे असते तर जाऊन-येऊन 300 रुपये लागले असते. पण एस.टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढील ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे झाले. तेव्हा आज त्या घराचा हिशेब असा : नवरा 30, बायको 15, आजी शून्य, दोन मुले 30, एकूण 75, येऊन-जाऊन 150. खर्च बरोबर निम्म्यावर आला.

एस.टी.च्या या सवलतीचा परिणाम आपण डोळ्यांनी पाहतो. माहेरी जाणे, दवाखान्याला जाणे, बाजाराला येणे यांसाठी बायका पूर्वीपेक्षा अधिक मोकळेपणाने गाडीत बसतात. दर उतरला की मागणी वाढते हा नियम पुस्तकात वाचण्याआधी आमच्या गावच्या थांब्यावर मी पाहिला. क्रीडामंडळांनी हे ध्यानात घ्यावे, की शासनाने घरच्या माणसांना अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडले आहे. उरलेली अर्धी वाट मंडळाची आहे. मात्र एक अडचण राहते. निम्मे भाडे ज्या गाडीत लागू आहे ती शेवटची गाडी रात्रीचा अंतिम सामना संपण्यापूर्वीच निघून गेली, तर सवलतीचा काय उपयोग? म्हणजे दुसरे दार हे भाड्याइतकेच वेळापत्रकाचे आहे.

3. रिकाम्या जागेचे अर्थशास्त्र

स्पर्धेचा खर्च पाहिला तर त्यातील बहुतेक भाग स्थिर खर्च असतो. मॅट किंवा मातीचे क्रीडांगण, मंडप, दिवे, लाउडस्पीकर, पंचांचे मानधन, बाहेरगावच्या संघांचे जेवण-राहणे, आणि बक्षिसे. प्रेक्षक शंभर आले काय किंवा पाचशे आले काय, हा खर्च तेवढाच. गॅलरीत जागा शिल्लक असेल तर आणखी एक माणूस आत घेण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. शिवाय रिकामी गेलेली जागा उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. भाजीवाली सायंकाळी उरलेली मेथी स्वस्त देते त्यातलाच हा प्रकार. म्हणून जागा रिकामी असताना ताठ दर धरून बसणे शहाणपणाचे नाही.

पण सरसकट दर उतरविणे हेही शहाणपणाचे नाही. कारण जो पन्नास रुपये आनंदाने देत होता त्याच्याकडूनही आपण वीसच घेतो. येथे किंमतभेदाचे तत्त्व उपयोगी पडते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली किंमतभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसरा प्रकार म्हणजे ग्राहकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा दर लावणे. एस.टी.चे अर्धे तिकीट हा त्याचाच घरगुती नमुना होय.

याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. महिला प्रीमियर लीग ही क्रिकेट स्पर्धा प्रथम 4 ते 26 मार्च 2023 या काळात नवी मुंबईचे डी. वाय. पाटील मैदान व मुंबईचे ब्रेबॉर्न मैदान येथे झाली. त्या वेळी स्त्रिया व मुली यांना प्रवेश विनामूल्य होता आणि पुरुषांसाठी 100 व 400 रुपयांची तिकिटे होती. पुढे 2025 च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटे 100 रुपयांपासून सुरू झाली, आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताने दक्षिण आफ्रिकेला हरविले तेव्हा तेच डी. वाय. पाटील मैदान तुडुंब भरले होते. आधी स्वस्तात सवय लावावी आणि मग गर्दीची अपेक्षा करावी, हा क्रम येथे दिसतो.

कोणी म्हणेल, माळेगावला फुकट होते तेथे बायका आल्या नाहीत आणि मुंबईला फुकट केले तेथे आल्या, हे कसे? उत्तर सोपे आहे. मुंबईला तिसरे दार उघडे होते. खुर्ची होती, स्वच्छतागृह होते, लोकलगाडी होती, आणि मैदानात खेळणाऱ्या मुलीच होत्या. फुकट प्रवेशाने जे दार उघडते ते उघडले, कारण बाकीची दोन आधीच किलकिली होती.

4. इंग्लंडातील गिरणगावांचा धडा

या प्रश्नाला परदेशातही इतिहास आहे. उत्तर इंग्लंडातील यॉर्कशायर व लँकाशायर या गिरण्यांच्या, खाणींच्या मुलखात रग्बी हा खेळ मजुरांचा झाला होता. शनिवारी खेळायला गेले की मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी क्लबांनी भरून द्यावी की नाही यावर वाद पेटला आणि 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना काढली. तीच पुढे तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे खेळाच्या मुळाशीच मजुरीचा हिशेब होता. आपल्या कबड्डीपटूंना हे सांगावे लागत नाही; सोयाबीनच्या काढणीत स्पर्धा आली की कोणता चढाईपटू येणार आणि कोणता येणार नाही, हे मजुरीच ठरविते.

शंभर वर्षे हा खेळ हिवाळ्यात, चिखलात व थंडीत खेळला गेला. 1996 साली तेथे सुपर लीग सुरू झाली आणि मोसम उन्हाळ्यात नेला गेला. कुटुंबे उघड्या गॅलरीत सुखाने बसावीत हाही त्यामागे एक हेतू होता. ब्रॅडफर्ड गावच्या जुन्या ‘नॉर्दर्न’ क्लबाने त्याच वर्षी ‘बुल्स’ असे नाव घेतले. सामन्याआधी संगीत, बैलाचे सोंग घेतलेला विदूषक, मुलांसाठी खेळ, शाळांशी संबंध अशा गोष्टी केल्या. आईबाप मुलांना घेऊन येऊ लागले, प्रेक्षक कितीतरी वाढले, आणि 1997 साली क्लबाने विजेतेपदही मिळविले. मात्र गोष्ट येथेच संपत नाही. हाच क्लब 2012 साली आर्थिक संकटात सापडला आणि जानेवारी 2017 मध्ये त्याचे दिवाळे निघून तो नव्याने उभा करावा लागला. गॅलरी भरली म्हणजे तिजोरी भरली असे नव्हे. हिशेब नीट नसेल तर टाळ्यांचा आवाज कर्जदाराला थोपवीत नाही. आपल्या मंडळांनी या गोष्टीचे दोन्ही अर्धे ध्यानात ठेवावेत.

तसेच मोसमाची नक्कल जशीच्या तशी करता येत नाही. इंग्लंडातील उन्हाळा म्हणजे सुख. आपल्याकडील वैशाख म्हणजे बेचाळीस अंशांचा तवा. दिवाळीनंतर हवा चांगली असते, पण तेव्हा आपल्या डोंगराळ भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. गावात मागे म्हातारी माणसे व काही मुलेच राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. तेव्हा सर्वांना सोयीचा एकही महिना नाही, हे कबूल करून मार्ग काढावा लागतो. माझ्या मते मुख्य स्पर्धा हिवाळ्यातच ठेवावी, आणि ऊसतोडीहून परतलेल्या घरांसाठी परीक्षा संपल्यावर, उन्ह उतरल्यानंतर, एक दिवसाची छोटी स्पर्धा वेगळी भरवावी.

5. हिशेब करून पाहू

आता तिकिटाकडे येऊ. आकडे काल्पनिक आहेत, पण रीत तपासण्यास पुरेसे आहेत. समजा गॅलरीत 600 जागा आहेत. तिकीट 50 रुपये आणि साखळी सामन्यांच्या दिवशी 200 पुरुष येतात. उत्पन्न 10,000 रुपये, रिकाम्या जागा 400.

आता एकट्याचे तिकीट 50 च ठेवून ‘घरचे तिकीट’ म्हणून 60 रुपयांचे एक नवे तिकीट काढले. त्यावर एका घरातील पाचपर्यंत माणसांना प्रवेश. अट एवढीच, की त्यांत निदान एक स्त्री किंवा चौदा वर्षांखालील मूल असावे. समजा पूर्वीच्या 200 पैकी 50 पुरुषांनी घरच्यांना आणले आणि 30 घरे नवीन आली. मग 150 एकट्यांचे 7,500 आणि 80 घरांचे 4,800. एकूण 12,300 रुपये. घरटी सरासरी चार माणसे धरली तर प्रेक्षक 470 झाले.

आता वाईटात वाईट धरू. एकही नवे घर आले नाही, फक्त पूर्वीच्या 50 जणांनी कुटुंब आणले. तरी 7,500 अधिक 3,000 म्हणजे 10,500 रुपये होतात. तोटा नाहीच. याचे कारण घरच्या तिकिटाचा दर एकट्याच्या तिकिटापेक्षा थोडा अधिक ठेवला आहे. यावरून एक सोपा नियम निघतो : घरचे तिकीट एका तिकिटाहून महाग आणि दोन तिकिटांहून स्वस्त असावे. महाग असल्याने मंडळ बुडत नाही, स्वस्त असल्याने बायकोचे तिकीट काढायला नवरा कचरत नाही.

मात्र अंतिम सामन्याच्या दिवशी गॅलरी आपोआप भरते. तेव्हा चार जणांचे घर आत घेणे म्हणजे प्रत्येकी पन्नास देणारे चौघे बाहेर ठेवणे. 200 च्या जागी 60 येतात. म्हणून त्या दिवशी घरच्या तिकिटांसाठी ठराविक जागा राखून ठेवाव्यात, आणि त्या आधीचे सामने पाहिलेल्या घरांना प्रथम द्याव्यात. लहान मंडळांनी कराची भीती बाळगण्याचे कारण नाही; मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या 500 रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही.

6. आक्षेप व उत्तरे

पहिला आक्षेप असा, की तिकीट कशाला, सगळेच फुकट करा आणि देणगीदारांवर चालवा. देणगीचे महत्त्व मी नाकारीत नाही. खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, त्यामागे लोकांची मदत होती. कोल्हापूरचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले, हे सर्वश्रुत आहे. पण जो पैसा देतो त्याला पुढची खुर्ची द्यावी लागते, हाही व्यवहार आहे. सगळे देणगीवर चालले की पुढच्या रांगा सत्काराच्या पाहुण्यांच्या होतात आणि सामने भाषणांपायी रात्री उशिरापर्यंत लांबतात. साठ रुपयांचे तिकीट घेतलेल्या बाईला मात्र ‘सामना वेळेवर का नाही’ असे विचारण्याचा हक्क मिळतो. स्वस्त तिकीट हा केवळ उत्पन्नाचा नव्हे, तर हक्काचा कागद आहे.

दुसरा आक्षेप : बायका आल्या की पोरांना मोकळेपणा राहणार नाही. हा आक्षेप नसून फायदा आहे. शिट्या, शिव्या आणि दारू यांमुळे जो मोकळेपणा असतो त्यापायीच तर तिसरे दार बंद आहे.

तिसरा आक्षेप : वेगळी जागा म्हणजे कोपऱ्यातली जागा. ही भीती रास्त आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान 1912 मध्ये पूर्ण झाले. त्याची रचना अशी, की मध्ये आखाडा आणि भोवताली चढत गेलेली गोल बैठक. कोठेही बसा, कुस्ती दिसते. तसे बांधकाम आपल्याला जमणार नाही, पण तत्त्व जमेल : स्वस्त जागेवरूनही खेळ पूर्ण दिसला पाहिजे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान अवघे 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद. त्याच्या एका पूर्ण बाजूची गॅलरी घरच्या माणसांना देणे अशक्य नाही.

7. हे सारे कशासाठी?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मंडळाचे दोन हजार रुपये वाढविण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? म्हणून शेवटी जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. मी शाळेत असल्यापासून कबड्डी खेळतो; माझ्या वडिलांनी माझे सामने पाहिले आहेत, आईने एकही नाही. माझी धाकटी बहीण नववीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते. ती माझ्याहून चपळ आहे, हे मी भावाच्या मायेने नव्हे तर खेळाडूच्या नजरेने सांगतो. पुढच्या वर्षी ती दहावीत जाईल. मग तिने खेळावे की नाही, यावर घरात बोलणे होईल. त्या बोलण्यात आईचा शब्द शेवटचा असतो. ज्या बाईने मैदान कधी पाहिलेच नाही तिच्या डोळ्यांपुढे मैदान म्हणजे शिट्या मारणाऱ्या पोरांची गर्दी एवढेच चित्र असणार, आणि त्या चित्रावरून तिने ‘आता पुरे’ म्हटले तर तिला दोष देता येणार नाही. तिने एकदा गॅलरीत बसून, शेजारी चार ओळखीच्या बाया असताना, आपल्या मुलीने टाकलेली पकड पाहिली, तर तिचा निर्णय काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण तो पाहून घेतलेला निर्णय असेल.

1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. 1990 मध्ये आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी आली. स्त्रियांची कबड्डी येण्यास 2010 उजाडले. 1961 पासून महाराष्ट्र केसरी होते. महिला महाराष्ट्र केसरी प्रथम झाली ती 2023 मध्ये सांगलीला. मुलींपर्यंत खेळ उशिरा पोहोचतो, हे या सनांवरून दिसते. गावोगाव तो त्याहून उशिरा पोहोचतो, याचे एक कारण आपल्या गॅलऱ्यांत आहे.

सबब आपल्या भागातील मंडळांना माझ्या सूचना अशा. घरचे तिकीट काढावे. शाळकरी मुलींना प्रवेश विनामूल्य द्यावा, पण चिठ्ठी फाडून द्यावी, म्हणजे किती आल्या याची मोजदाद राहील. मुलींचे सामने दुपारच्या रिकाम्या उन्हात न उरकता सायंकाळच्या मुख्य वेळेत, मुलांच्या दोन सामन्यांच्या मध्ये ठेवावेत. एखादा साखळी सामना आठवडी बाजाराच्या दिवशी बाजार उलगल्यावर लगेच लावावा. गावोगावच्या बाया त्या दिवशी भाडे खर्चून आलेल्याच असतात. शेवटचा सामना शेवटच्या एस.टी.च्या अर्धा तास आधी संपवावा. पिण्याचे पाणी व बायकांसाठी स्वच्छतागृह या बाबी बक्षिसांच्या आधी अंदाजपत्रकात लिहाव्यात. तिकिटे बचत गटांमार्फत विकावीत; ओळखीची बाई तिकीट घेऊन दारात आली की तिसरे दार अर्धे उघडते. आणि स्पर्धा संपल्यावर जमाखर्च फलकावर लावावा.

यांतील एकाही सूचनेला मोठे भांडवल लागत नाही. चढाईपटूला मध्यरेषेपर्यंत परत यावे लागते, तेव्हा त्याचे गुण मोजले जातात. तसेच मंडळाने यंदा किती घरे मैदानावर आली आणि त्यांतील किती पुढच्या वर्षी परत आली, हे मोजावे. इनामाच्या रकमेपेक्षा त्या आकड्यावरून स्पर्धेची थोरवी ठरावी, असे मला वाटते.